सेसिलिया गायली, पण मनातल्या मनात

नोव्हेंबर लागला की आमच्या चर्चच्या कॉयरच्या (गायकवृंदाच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मजकूर येतो: रोमच्या खानदानी घरातल्या संत सेसिलियाने ऑर्गनचा शोध लावला, ती थोर गायिका होती, इ.स. 230 मध्ये ती रक्तसाक्षी झाली (म्हणजे धर्मासाठी मारली गेली) आणि 1599 मध्ये तिचा देह जसाच्या तसा सापडला. ती संगीताची संरक्षक संत आणि 22 तारखेला तिचा सण, म्हणून सगळे तो मजकूर भक्तिभावाने फॉरवर्ड करतात. दोनदा मीही केलाय.

ऑर्गनचं आधी उरकू. पाण्याच्या दाबावर चालणारा ऑर्गन अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियस नावाच्या ग्रीक यंत्रकाराने इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातच बनवला होता. नीरो बादशहाला त्याचं वेडच होतं. बुडापेस्टमधल्या ॲक्विंकम या जुन्या रोमन वसाहतीत 1931 मध्ये एक रोमन ऑर्गन सापडला. त्याच्यावरच्या काशाच्या पट्टीनुसार तो इ.स. 228 मध्ये आग विझवणाऱ्या मंडळींच्या संघाला भेट दिलेला. म्हणजे सेसिलियाच्या सांगितल्या जाणाऱ्या काळात सरहद्दीवरच्या बंबवाल्यांकडेसुद्धा ऑर्गन होता!

गायिकेची भानगड जास्त मजेशीर. तिची कथा लिहिली गेली पाचव्या शतकात. तिने कौमार्य देवाला वाहिलेलं, आणि घरच्यांनी वालेरियनशी लग्न ठरवलेलं. वरून जरीचा पोशाख, आत अंगाला टोचणारं जनावरांच्या केसांचं वस्त्र. लग्नात वाद्यं वाजत होती आणि ती आपल्या हृदयात, फक्त प्रभूसाठी गात होती, असं लॅटिन मजकूर सांगतो. म्हणजे बाहेरच्या संगीताकडे तिचं लक्षच नव्हतं. पुढे हे वाक्य प्रार्थनेतल्या गीतात गेलं, तेव्हा ‘इन कोर्दे सुओ’ म्हणजे ‘आपल्या हृदयात’ हे तीन शब्द गळाले. त्यात मूळ लॅटिन शब्द ‘ऑर्गाना’. त्याचा अर्थ कुठलीही वाद्यं, पण नंतरच्यांनी वाचलं ‘ऑर्गन’. झाली ती वादक!

पुरावा म्हणून इटालियन चित्रकार राफाएलने काढलेलं तिचं चित्र चिकटवणाऱ्यांनी ते जरा मोठं करून पाहावं. बोलोन्यातल्या त्या चित्रात तिच्या हातातला छोटा ऑर्गन उलटा लटकतोय, नळ्या निसटून पडतायत, पायाशी मोडकी वाद्यं विखुरलीत. ती वर बघतेय, जिथे देवदूत वाद्यांविना गातायत. राफाएलला कथा नीट कळली होती.

230 हे साल कथेत येणाऱ्या पोप अर्बनच्या काळावरून काढलेलं. त्या वेळच्या बादशहाने, अलेक्झांडर सेव्हेरसने, ख्रिस्ती लोकांचा छळ केल्याची नोंद नाही. रोमच्या रक्तसाक्ष्यांच्या इ.स. 354 च्या यादीत सेसिलियाचं नाव नाही. म्हणून ती नव्हतीच, असं म्हणण्याची घाई मी करणार नाही. रोमच्या त्रास्तेवेरे भागातल्या तिच्या नावाच्या चर्चचा उल्लेख 499 च्या धर्मसभेत आहे, आणि नाव उगाच पडत नाही.

राहिला देह. नवव्या शतकात पोप पास्कल पहिल्यांनी अवशेष त्या चर्चमध्ये आणले, 1599 मध्ये कार्डिनल स्फोंद्रातींनी पेटी उघडवली. बघणाऱ्यांना रेशमी आच्छादनाखाली जरीचं वस्त्र दिसलं. आदरापोटी त्यांनी त्यापुढे तपासणी केली नाही. ‘जसाच्या तसा’ म्हणायला आधार इतकाच. स्तेफानो मादेर्नोने लगेच घडवलेल्या शिल्पातही चेहरा दिसत नाही. डोकं कापडात गुंडाळून जमिनीकडे वळवलेलं आहे. कथेत तिला मारताना घातलेला मानेवरचा घाव तेवढा स्पष्ट आहे.