मालकाकडून उत्तर: बुलेटचा मागचा टायर, 19 की 18?

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला गाडी घेऊन दोनदा नाशकातल्या द्वारकेपर्यंत यावं लागलं, त्रास झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. गिऱ्हाईक तोंड वाकडं करून गेलं की आम्हालाही जेवण गोड लागत नाही. पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, ‘19 चा टायर मागवला, बसलाच नाही, वर भाडं कापलं. जुन्या गाड्यांच्या नुसत्या बाता, यांना साईझच कळत नाही.’ बाकीचं सोडून देतो. शेवटचं वाक्य सोडवत नाही.

कारण काल सिन्नरहून एका जावा मोटारसायकलवाल्यांचा फोन आला आणि पहिलाच प्रश्न, ‘रिव्ह्यूमध्ये लिहिलंय तसं काही नाही ना हो?’ काय सांगायचं माणसाने?

तेव्हा झालं ते वाचणाऱ्यांसाठी लिहितो. तुम्ही फोनवर म्हणालात, सत्तरच्या दशकातली बुलेट आहे, मागचा टायर पाहिजे. मी जुन्या टायरच्या बाजूवरचा नंबर आणि रिमचा फोटो मागितला. आला तो ऑनलाईन चार्टचा स्क्रीनशॉट. चार्ट खोटा नव्हता. त्या काळातल्या 350 बुलेटला पुढे-मागे 3.25-19 च असायचा, म्हणजे सव्वातीन इंच रुंद आणि 19 इंची रिमवर बसणारा. तरी मी विचारलं, मागचं चाक ओरिजनल आहे ना? त्यावर तुमचं उत्तर, ‘हो हो, सगळं कंपनीचं आहे, तुम्ही लवकर मागवा.’ मेसेज अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. चार्ट काय, गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाचं सांगतो. नंतरच्या मालकांनी काय काय बदललं, हे त्याला कोण सांगणार?

गाडी आली तेव्हा जुन्या टायरवरचा नंबर झिजून सपाट झालेला. रिमवर गंज, त्यावर कुणीतरी मारलेला चंदेरी रंग. पोराने व्हॉल्व्हच्या बाजूला डिझेलचा बोळा घासला, रंगाचे पोपडे निघाले, आणि खाली ठोकलेला नंबर दिसला: 1.85 × 18, म्हणजे रिम 1.85 इंच रुंद आणि 18 इंची. मोबाईलचा टॉर्च तुम्हीच धरला होतात, सर. म्हणजे कधीतरी कुणीतरी मागचं चाकच बदललेलं. जुन्या गाड्यांत हे सर्रास असतं, त्यात तुमचाही दोष नाही आणि माझाही नाही. पण ‘साईझ कळत नाही’ हे कुणाला लागू होतं, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

19 चा टायर 18 च्या रिमवर ‘ॲडजस्ट’ होत नाही. पूर्ण एक इंचाचा फरक आहे, टायरची कड रिमला धरणारच नाही. तुम्ही म्हणालात, मग 120 चा (120 मिलिमीटर रुंद) जाड टाका, गाडी भारी दिसेल. मी नाही म्हणालो आणि तुमचा मूड तिथूनच गेला, हे मला कळलं. पण 1.85 इंचाच्या रिमवर तो टायर चढवला तर दोन्ही कडा आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो आणि वळणावर टायर जसा टेकायला हवा तसा टेकत नाही. शिवाय तुमच्या गाडीला तो एका अंगाला चेन कव्हरला घासला असता, दुसऱ्या अंगाला चिमट्याला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला. तुम्ही वणीच्या घाटात नेहमी जाता म्हणालात. मी कसा बसवून देऊ? बसवून देणारे आहेत नाशकात, ते मी नाकारत नाही.

शेवटी 3.50-18 बसवला. तो का, हेही सांगतो. जुन्या इंची टायरची रिमपासूनची उंची साधारण रुंदीइतकीच धरतात, आणि ती रिमच्या वर-खाली दोन्हीकडे येते. 19 मध्ये सव्वातीन दोनदा मिळवले की साडेपंचवीस इंच, ही चाकाची पूर्ण उंची. 18 मध्ये साडेतीन दोनदा मिळवले की पंचवीस. म्हणजे अर्ध्या इंचाचाच फरक, गाडीची ठेवण जवळपास तीच राहते, आणि 1.85 च्या रिमला तो चालतो. चार्टमध्ये 3.25 च्या शेजारी 90/90 लिहिलेलं असतं, तेही याच हिशोबाने: 3.25 इंच म्हणजे साडेब्याऐंशी मिलिमीटर, आणि 90/90 म्हणजे रुंदी 90 मिलिमीटर, उंची तिच्या 90 टक्के, म्हणजे 81. पण शेवटचा आकडा, 18 की 19, तो मात्र रिमवरच बघावा लागतो. एवढं सगळं मी तुम्हाला दुकानात पाटीवर खडूने लिहून दाखवलं होतं. तुम्ही तेव्हा फोनवर होतात.

भाड्याचं म्हणाल तर 19 चा टायर मुंबईला परत पाठवायचं ट्रान्सपोर्ट, 250 रुपये, तेवढंच कापलं. पावतीवर लिहिलंय, सही तुमची आहे. टायर खोलायची-चढवायची मजुरी एकदाच घेतली. रिमची पट्टी (ट्यूब आणि रिमच्या मधली) फाटली होती, ती नवी टाकली, तिचे पैसे लावलेच नाहीत. हे बोलायचं नव्हतं, पण आता निघालंच.

‘जुना माल असणार’ असंही एक वाक्य आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. घरी गाडी उभीच आहे, बघून घ्या.

बाकी तुम्ही म्हणता तसं फोनवरच्या ऑर्डरचं काहीतरी नीट करायला हवं, ते करतोय. रिमचा फोटो आल्याशिवाय टायर मागवायचा नाही असं ठरवतोय, आणि बसायला जागा वगैरे तेही बघतो.

स्टार किती द्यायचे हा तुमचा अधिकार आहे, मी मागणार नाही. फक्त ‘साईझच कळत नाही’ एवढी ओळ काढता आली तर बघा, दोन पोरांचे पगार या दुकानावर आहेत. आणि पुढच्या टायरला बाजूने चिरा पडल्यात, पावसाआधी बदला. तो 19 चाच आहे, मी स्वतः रिम बघितलीय. तुमची जुनी ट्यूब इथेच राहिलीय, येताना पावती आणा. सोमवारी दुकान बंद असतं.