केसाळ पेशींचा ल्युकेमिया: दोष एका अक्षराचा, पण कोणत्या पेशीत?

हेअरी सेल ल्युकेमिया (पेशींवर केसांसारखे तंतू दिसणारा रक्ताचा कॅन्सर) म्हणजे ‘डीएनएतील एका अक्षराच्या चुकीमुळे होणारा कॅन्सर’, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. ते खोटे नाही. माझ्या मते ते अपुरे आहे.

बी-पेशींचा, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा, हा संथ आजार ल्युकेमियाच्या शंभरातल्या दोघांनाच होतो, तोही बहुतेक पुरुषांना. १९५८ मध्ये अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या डॉ. बर्था बोरॉन्कल यांनी तो स्वतंत्र आजार म्हणून मांडला. प्लीहा फुगते, मोनोसाइट या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा होतात, आणि अस्थिमज्जेत तंतूंचे जाळे इतके दाट झालेले असते की सुई टोचून सिरिंज ओढली तरी पुष्कळदा काहीच हाती लागत नाही.

२०११ मध्ये इटलीतील पेरुजा येथे टियाची, फालिनी आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या रोगट व निरोगी पेशींतील जनुके ताडून पाहिली, तेव्हा बीआरएएफ या जनुकात बिघाड सापडला आणि पुढे तपासलेल्या सर्व ४७ रुग्णांतही तोच निघाला. त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनातील ६००व्या जागी व्हॅलीन या अमिनो आम्लाऐवजी ग्लुटामेट हे दुसरे येते आणि बाहेरून कोणताही निरोप नसताना पेशीला वाढीचा हुकूम मिळत राहतो. हे प्रथिन औषधाने रोखले, तर प्रयोगशाळेत त्या पेशींचे केससुद्धा झडतात!

मग अपुरे काय? नेमका हाच बदल आपल्या अंगावरच्या बहुतेक साध्या तिळांतही असतो, आणि ते जन्मभर निरुपद्रवी राहतात. म्हणजे चूक कोणत्या पेशीत झाली, हेही तितकेच महत्त्वाचे. इथे पुरावे दोन दिशांना ओढतात: रोगट पेशींची जनुकीय ठेवण अँटिजेनशी (शरीराला परक्या वाटणाऱ्या पदार्थाशी) गाठ पडून त्याची आठवण ठेवणाऱ्या प्रौढ स्मृती-बी-पेशींसारखी दिसते, उलट २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांना हाच बदल रुग्णांच्या रक्त घडवणाऱ्या मूळ पेशींतही आढळला. चूक मुळाशी होते आणि तिचे परिणाम बी-पेशीत उमटतात, हा अर्थ मला अधिक पटतो.

गंमत म्हणजे क्लॅड्रिबीन हे प्रभावी औषध १९९० मध्येच, म्हणजे कारण कळण्याच्या वीस-एक वर्षे आधी, हाती आले होते. उलट बीआरएएफवर नेमका घाव घालणारे व्हेम्युराफेनिब एकटे दिले, तर बहुतेकांना लवकर गुण येतो, पण औषध थांबल्यावर आजार पुष्कळदा उलटतो. म्हणूनच त्याला रिटुक्सिमॅब या बी-पेशींवर नेम धरणाऱ्या औषधाची जोड दिली जाते.