सल्फर, डीईएफ आणि बायपास किट: त्या मेसेजचं काय खरं, काय खोटं

ट्रकमालकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज थोडक्यात असा: "बीएस-६ डिझेलमध्ये सल्फर राहिलाच नाही, धूर स्वच्छ झाला, मग डीईएफचा खर्च कशाला? शिवाय उरलासुरला सल्फर एससीआरचा कॅटॅलिस्ट कायमचा मारतो. त्यापेक्षा आधीच बायपास किट बसवून मोकळे व्हा." चार ठिकाणांहून तो माझ्याकडे आला. काहींनी किट बसवलंही, म्हणून सविस्तर लिहितोय. आधी शब्द समजून घेऊ. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाड्यांच्या धुराचे सरकारी नियम. सल्फर म्हणजे गंधक. नॉक्स म्हणजे धुरातले नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड. एससीआर ही एक्झॉस्टमध्ये बसवलेली, नॉक्स कमी करणारी यंत्रणा. तिथे डीईएफ हे युरियाचं द्रावण फवारतात, त्यातून अमोनिया बनतो आणि कॅटॅलिस्टच्या (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या थराच्या) मदतीने नॉक्स मोडतो. बायपास किट म्हणजे डीईएफ न वापरताही सगळं ठीक आहे असं गाडीच्या कॉम्प्युटरला भासवणारं उपकरण.

"सल्फर गेला, म्हणजे धूर स्वच्छ." नॉक्सचा सल्फरशी काही संबंध नाही. नॉक्समधला नायट्रोजन जवळपास सगळा हवेतून येतो. सिलिंडरमधलं तापमान दीड हजार अंशांच्या वर गेलं की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना चिकटतात. उद्या डिझेलमध्ये गंधकाचा कणही नसला तरी नॉक्स तेवढाच निघणार. जड वाहनांसाठी बीएस-४ मध्ये नॉक्सची मर्यादा दर किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम होती, बीएस-६ मध्ये ती ०.४ वर आली. एवढी मोठी उडी मुख्यतः एससीआरच्या जोरावर मारलेली आहे. मागे एससीआर आहे हे धरूनच बरीच इंजिनं जास्त नॉक्स सोडतील अशी ट्यून केलेली असतात. अशा गाडीचा डीईएफ बंद केला तर ती जुन्या बीएस-४ गाडीपेक्षाही वाईट हवा सोडू शकते.

"सल्फर राहिलाच नाही." राहिलाय, फक्त फार थोडा. १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत दहा भागांची, मर्यादा आहे. बीएस-३ च्या काळात ती ३५० होती. ४०० लिटरच्या टाकीचा हिशोब करा: डिझेल सुमारे ३३२ किलो, त्यात गंधक जास्तीत जास्त ३.३ ग्रॅम. आता त्यात कोणी वीस लिटर रॉकेल मिसळलं असं समजा. रॉकेलच्या जुन्या भारतीय मानकात ०.२५ टक्क्यापर्यंत गंधक चालायचा, म्हणजे वीस लिटरमध्ये ४० ग्रॅमपर्यंत. पाच टक्के भेसळीने गंधक बारा-तेरा पट होऊ शकतो. कॅटॅलिस्टचा खरा वैरी हा आहे. २०११ च्या जानेवारीत मनमाडजवळ पानेवाडीला अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळलं. डिझेलमधल्या भेसळीचा विषय निघाला की ते नाव मला आठवतंच.

"कॅटॅलिस्ट कायमचा मरतो." हा मुद्दा सगळ्यात जास्त घाबरवतो, आणि त्यात अर्धं सत्य आहे. कोणता कॅटॅलिस्ट, हे आधी विचारायला हवं. टायटेनियम ऑक्साइडवर व्हॅनेडियम चढवलेला कॅटॅलिस्ट गंधकाला सहसा दाद देत नाही. म्हणूनच कोळशाच्या वीजकेंद्रांत आणि जड तेलावर चालणाऱ्या जहाजांवर तो वापरतात. पण त्याला फार उष्णता सोसत नाही, आणि त्याच्या आधी डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) असला की रीजनरेशनच्या वेळी, म्हणजे साचलेली काजळी जाळताना, तापमान चढतंच. त्यामुळे बऱ्याच बीएस-६ गाड्यांत तांबं घातलेल्या झिओलाइटचा (बारीक छिद्रांच्या खनिजाचा) कॅटॅलिस्ट असतो. थंड एक्झॉस्टमध्येही तो चांगलं काम करतो, पण गंधकाच्या बाबतीत नाजूक आहे.

नाजूक म्हणजे काय, तेही नीट पाहू. गंधक दोन तऱ्हांनी बसतो. अमोनियाबरोबर त्याचे क्षार बनून छिद्रं बुजतात. ते ३५०-४०० अंशांवर सुटतात. दुसरा गंधक थेट तांब्याला धरून बसतो, त्याला उतरवायला ५०० अंशांच्या वर तापवावं लागतं. तेवढं तापवलं की बरीचशी ताकद परत येते. थोडा भाग अडून राहतो, हे मान्य. म्हणजे कॅटॅलिस्ट बहुधा मेलेला नसतो, आजारी असतो. इंजिन ऑइलमधला फॉस्फरस मात्र उष्णतेने उतरत नाही, तेव्हा कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल घाला.

मागच्या हिवाळ्यात एका गॅरेजमध्ये "सल्फरने मेलेला" एससीआर माझ्यासमोर उघडला. डोझिंग नोझलच्या तोंडाशी खडीसाखरेसारखे पांढरे खडे, पाइपातही तोच थर. तो गंधक नव्हता, युरिया होता. मालकाने शेतीचा युरिया पाण्यात कालवून टाकीत ओतला होता. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि खनिजरहित पाणी; नळाच्या पाण्यातले क्षार आणि खताच्या युरियातली भेसळ कॅटॅलिस्टवरच जाऊन बसते. नोझल आणि पाइप साफ केले, टाकी धुऊन चांगला डीईएफ भरला, डॅशबोर्डवरचा नॉक्सच्या इशाऱ्याचा दिवा विझला. त्या मालकाला बायपास किटचा भाव आधीच सांगून झाला होता.

वापराचाही फरक पडतो. भरलेली गाडी कसारा घाट चढते तेव्हा एक्झॉस्ट चांगला तापतो आणि अमोनियाचे क्षार टिकत नाहीत. बंदराच्या रांगेत तासन्‌तास आयडलवर उभी राहणारी गाडी कधी तापतच नाही. अशा गाडीचा नॉक्सचा दिवा लागला तर वर्कशॉपमध्ये आधी पार्क्ड रीजनरेशन (गाडी उभी ठेवून केलेलं रीजनरेशन) करून घ्या आणि स्कॅनरवर एससीआरच्या आधीच्या आणि नंतरच्या नॉक्स सेन्सरचे आकडे, रीजनरेशनपूर्वीचे आणि नंतरचे, लिहून मागा. आकडे सुधारले, तर नव्या कॅटॅलिस्टचं कोटेशन परत करा आणि डिझेल कुठल्या पंपावर भरता ते बदला.