केबल आवळून हँडब्रेक दुरुस्त होत नाही

कळंबोलीच्या लोखंड बाजारापासून तुर्भ्याच्या बाजार समितीपर्यंत मालवाहतूकदारांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरत आहे. जुन्या ट्रकचा हँडब्रेक धरत नसेल तर मेकॅनिककडे जाण्याची गरज नाही, असे सांगून त्यात चार उपाय दिले आहेत: केबलचा नट चार फेरे आवळा; लायनरला (ब्रेक लावताना घासणाऱ्या पट्टीला) तेल लागले असेल तर पेट्रोलने धुऊन पॉलिश पेपर मारा; हवेच्या ब्रेकची गाडी असेल तर टाकीत हवा पूर्ण भरा; आणि तरीही भागले नाही तर गाडी गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड लावा. शेवटी सपाट जागेवर गाडी ढकलून खात्री करून घ्या, असेही लिहिले आहे.

यांतला पहिला उपाय सर्वांत फसवा आहे, कारण तो दोन दिवस लागू पडल्यासारखा वाटतो. लिव्हर पूर्वीपेक्षा कमी खटक्यांत घट्ट होते आणि चालकाचे समाधान होते. परंतु लायनर झिजल्यामुळे ड्रम (चाकाबरोबर फिरणारे गोल भांडे) आणि ब्रेक शू (त्याला आतून दाबणारे, लायनर बसवलेले भाग) यांच्यात जे अंतर वाढलेले असते, ते केबल आवळल्याने भरून निघत नाही. उलट शू हलवणारा ड्रमच्या आतला दांडा कायम अर्धवट ओढलेला राहतो, शू पूर्ण मागे बसत नाहीत आणि घोडबंदर रस्त्यावरच्या रखडत्या वाहतुकीत लायनर ड्रमला घासत राहून तापतो. असा तापलेला लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग लिव्हर कितीही घट्ट लागली तरी गाडी सरकतेच. योग्य क्रम नेमका उलटा आहे. आधी केबल पूर्ण सैल करावी, चाकाजवळच्या ॲडजस्टरने शू ड्रमला किंचित घासेपर्यंत आणून थोडे मागे घ्यावेत, आणि त्यानंतर केबलची उरलेली सैल काढावी.

दोष कुठे आहे हे बरेचदा लिव्हरच सांगते. ती खूप वर येऊन मग लागत असेल तर अंतर वाढले आहे. थोड्या खटक्यांत कडक होऊनही गाडी सरकत असेल तर लायनर गुळगुळीत किंवा तेलकट झाला आहे, नाहीतर केबल अडकली आहे. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात हे शेवटचे कारण दुर्मीळ नाही. केबलचे आवरण फाटले की आत पाणी शिरते, तार गंजते आणि चालकाने लावलेला जोर चाकापर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत जिरतो. चाकाकडचे टोक सोडून आतली तार हाताने मोकळी सरकते का ते पाहावे. सरकत नसेल तर नट आवळून काहीही साधत नाही, केबलच बदलावी लागते.

तेलकट लायनर धुण्याबद्दल फार लिहायला नको. लायनरमध्ये मुरलेले तेल तो तापल्यावर पुन्हा वर येते, म्हणून लायनर बदलावाच लागतो. त्याआधी हबचे (चाकाच्या मध्यभागाचे) ऑइल सील किंवा ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणारे व्हील सिलिंडर गळत आहे का ते पाहिले नाही, तर नवा लायनरही महिनाभरात तसाच होतो.

हवा भरण्याचा सल्ला मात्र यंत्रणाच न समजल्याचे लक्षण आहे. हवेच्या ब्रेकची गाडी स्प्रिंग ब्रेकची असेल तर तिचा हँडब्रेक हवेने लागत नाही, हवेने सुटतो. ब्रेक लावण्याचे काम बूस्टरमधली (चाकाजवळच्या ब्रेकच्या डब्यातली) जाड स्प्रिंग करते आणि हवा तिला दाबून धरते. त्यामुळे हवा कमी पडली तर गाडी सरकणार नाही, ती जागची हलणारच नाही. ब्रेक धरत नसेल तर स्लॅक ॲडजस्टर (बूस्टरचा दांडा ब्रेकला जोडणारी, अंतर जुळवणारी भुजा) सैल पडून बूस्टरचा दांडा जास्त बाहेर येत आहे का ते पाहावे, कारण स्प्रिंग जितकी उलगडते तितका तिचा जोर कमी होतो. कधी स्प्रिंगच तुटलेली असते. कधी बंद पडलेली गाडी ओढून नेताना ब्रेक सोडवण्यासाठी फिरवलेला बूस्टरचा बोल्ट कोणी पूर्ववत केलेलाच नसतो. स्प्रिंगचा कप्पा मात्र स्वतः उघडू नये. दाबलेली स्प्रिंग उसळली तर जीव घेते.

दगडाबाबत एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ नुसार चालक आसनावर नसताना इंजिन बंद करून ब्रेक लावणे किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी अन्य तजवीज करणे आवश्यक आहे, आणि लाकडी ठोकळा ही चांगली तजवीज आहे. परंतु ती ब्रेकच्या जोडीची आहे, ब्रेकच्या पर्यायाची नव्हे. मुंब्रा बायपाससारख्या चढावर रस्त्यातच सोडून दिलेला दगड मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा काळ ठरू शकतो, ही गोष्ट वेगळीच. गिअरचा भरवसा त्याहून कमी आहे. पंक्चर काढताना मागचे एक चाक जॅकवर उचलले की दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलमुळे ते मोकळे फिरते आणि गिअरची पकड संपते.

राहिली सपाट जागेवरची परीक्षा. १०० मीटरला ५ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ५ टनांची रिकामी गाडी साधारण २५० किलोच्या जोराने खाली ओढली जाते, तर भरून १२ टन झालेली तीच गाडी सुमारे ६०० किलोच्या. अंगणात दोन माणसांनी ढकलून यातले काहीच कळत नाही. गाडी भरलेली असताना, मोकळ्या चढावर एकदा तोंड वर आणि एकदा तोंड खाली करून, चालकाचा पाय ब्रेकच्या पेडलवर तयार ठेवून आणि मागेपुढे कोणालाही उभे न करता ही परीक्षा घ्यावी.