छप्पन डिग्री आणि मोठ्या बाबांची गच्ची

"सोलरचं कॅन्सल करून टाकलं मी. तू ते व्हॉट्सॲपवरचं वाचलं काय?"

मंगळवारी सकाळी सात वाजता मोठ्या बाबांचा फोन. नागपुरातल्या मानेवाड्याचं त्यांचं घर दुमजली, वर उघडा स्लॅब. मे महिन्यात वरच्या खोलीची भिंत रात्री अकरालाही कोमट लागते. तीन महिने मी त्यांच्या मागे लागलो होतो. शेवटी ३ किलोवॅटचं ठरलं, मोजमाप झालं, अर्ज भरला. आणि मग मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर तो मेसेज आला.

"घर भट्टी आहेच बावा, आणखी काहून भट्टी करा लागते?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मेसेज मला पाठवला, सोबत हात जोडलेली चित्रं.

दिवसभरात तोच मेसेज मला आणखी चार जणांकडून आला, त्यात एक इंजिनीअर. म्हणून हे लिहितो आहे. 'सावधान नागपूरकर' असं शीर्षक, खाली 'एका निवृत्त शास्त्रज्ञाचा इशारा'. शास्त्रज्ञाचं नाव नाही, संस्था नाही, विषय नाही. निवृत्त मात्र आहेत. म्हणणं थोडक्यात असं: सोलर पॅनल ऊन ओढून घेतात म्हणून शहर तापतं, घर आतून तापतं, ढग पळतात, कॅन्सर होतो, गच्ची पंचवीस वर्षं सरकारच्या ताब्यात जाते, लाईट गेली की सोलरही बंद, म्हणजे फसवणूक, काही वर्षांत पॅनलचा विषारी कचरा होतो. शेवटी '२०४० साली नागपूरचं वाळवंट' आणि 'दहा लोकांना पाठवा'.

सगळ्यात आधी ते ५६ डिग्री, कारण मोठे बाबा घाबरले ते त्या फोटोला. मेसेजमध्ये एका बातमीचं कात्रण आहे: नागपुरात ५६ अंश. खाली लाल अक्षरांत 'सोलरचा परिणाम'. कात्रण खोटं नाही. ३० मे २०२४ ला रामदासपेठेजवळच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने खरोखरच ५६ अंशांचा आकडा दाखवला आणि देशभर बातमी झाली. पुढचं कुणी वाचलंच नाही. हवामान खात्याने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सांगितलं की सेन्सर बिघडला होता, आकडा चुकीचा आहे. त्याच आठवड्यात दिल्लीत मुंगेशपूरच्या केंद्राने ५२.९ दाखवले होते. तपासणीत तिथला सेन्सरही सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. म्हणजे सोलरने शहर तापवल्याचा जो एकमेव पुरावा मेसेजमध्ये आहे, तो एका बिघडलेल्या यंत्राचा फोटो आहे. घरातला जुना थर्मामीटर आपटला आणि ११० ताप दाखवायला लागला तर आपण थर्मामीटर बदलतो, पेशंटला चितेवर नाही ठेवत.

आणि नागपूर सोलरची वाट बघत तापायचं थांबलं होतं काय? २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले. तेव्हा आपल्या लेआउटमध्ये एका तरी छतावर पॅनल होतं का, आठवून बघा. गरम पाण्याचे बंब होते दोन-चार, बस.

आता 'ऊन ओढून घेतात' हे. पॅनल म्हणजे काही व्हॅक्यूम क्लीनर नाही. जे ऊन त्याच्यावर पडतं तेवढंच त्याला मिळतं, शेजाऱ्याच्या अंगणातलं नाही. भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १,००० वॅट इतकं ऊन पडतं. आज तुमच्या गच्चीवर ते कुठे जातं? थोडं परत फिरतं, बाकी सगळं स्लॅब पितो आणि रात्रभर खाली ओकतो. पॅनल लावलं की त्यातला साधारण पाचवा हिस्सा वीज होऊन खाली येतो, थोडा भाग काचेवरून परत जातो, उरलेल्याने पॅनल तापतं. पण ते स्लॅबला चिकटलेलं नसतं. वरून-खालून वारा फिरतो आणि ती उष्णता घेऊन जातो.

याचं मोजमाप झालेलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये एका इमारतीचं छत थर्मल कॅमेऱ्याने तपासलं. त्याच छताचा काही भाग पॅनलखाली, काही उघडा. पॅनलखालच्या भागात छतापर्यंत पोचणारी उष्णता सुमारे ३८ टक्के कमी भरली, आणि आतलं सिलिंग दिवसा ५ फॅरनहाइटने, म्हणजे जवळपास पावणेतीन सेल्सिअसने थंड. अर्थात सॅन डिएगो समुद्राकाठचं गाव, तिथलं ऊन म्हणजे आपल्याकडचा जानेवारी. पण सावलीचा नियम गाव बघून बदलत नाही. आपण मे महिन्यात गच्चीवर हिरवी जाळी बांधतो ती कशासाठी? पॅनल म्हणजे तीच जाळी, फक्त वीज देणारी. विश्वास नसेल तर दुपारी दोन वाजता पॅनल असलेल्या कुणाच्याही गच्चीवर जा आणि चप्पल काढा. एक पाय पॅनलच्या सावलीत, एक बाहेर. अभ्यास पाच सेकंदांत संपतो.

दोन गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात, नाइलाजाने. त्याच अभ्यासात असंही दिसलं की रात्री पॅनल छताची उष्णता थोडी धरून ठेवतात. थंड प्रदेशात तो फायदा, आपल्याकडे मे महिन्यात तोटा. दुसरं, अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या एका मोठ्या सौर प्रकल्पावर २०१६ साली अभ्यास छापून आला. तिथली रात्रीची हवा आजूबाजूच्या मोकळ्या वाळवंटापेक्षा ३ ते ४ अंशांनी गरम होती. मेसेज लिहिणाऱ्याने कदाचित हेच कुठेतरी अर्धवट ऐकलं असेल. पण मानेवाडा हे काही मोकळं माळरान नाही. इथे आधीच सिमेंट रस्ता, सिमेंट अंगण, सिमेंट भिंत आहे. काळं पॅनल आणि तापलेला स्लॅब यांत शहराला फारसा फरक पडत नाही. शहर थंडच करायचं असेल तर पांढरा चुना मारलेली गच्ची पॅनलपेक्षा सरस, हेही खरं. पण चुना कूलर चालवत नाही.

आणि कूलर, एसी चालवतं कोण? हा प्रश्न त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. आपण दुपारी पंपाचं बटण दाबतो, खसाच्या ताट्या भिजतात, पंखा घोंघावतो, आणि तिकडे उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत कोळसा जळतो. कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम ३५-४० टक्क्यांची वीज होते. बाकी चिमणी आणि ते पांढरे अजस्र टॉवर यांतून हवेत जाते. शहराला गरम कोण करतं याची चर्चा करायचीच असेल तर ती तिथून सुरू करू.

हिशेब सोपा आहे. आपल्याकडे १ किलोवॅट पॅनल सरासरी दिवसाला चारेक युनिट देतं, म्हणजे ३ किलोवॅटचे वर्षाला चार हजारांच्या पुढे. तेवढी वीज कोळशावर करायला अडीच टनांच्या आसपास कोळसा लागतो, आणि आपल्या कोळशात राखेचं प्रमाण तिसऱ्या हिश्शाहून जास्तच. म्हणजे एका घरामागे वर्षाला पाऊण ते एक टन राख. ती कुठे जाते ते कोराडीजवळच्या खसाळ्याच्या लोकांना विचारा. जुलै २०२२ मध्ये तिथला राखेचा तलाव फुटला, राखेचा गाळ शेतांत आणि नाल्या-नदीत गेला. मोठे बाबा स्वतः कोळशाच्या खाणीतून निवृत्त झाले. राख म्हणजे काय हे मी त्यांना सांगावं, ही वेळ यायला नको होती.

ढगांचं काय बोलणार? साताऱ्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या तेव्हा 'या ढग पळवतात' म्हणून ओरड झाली होती. आता तीच गोष्ट नव्या कपड्यांत नागपूरला आली आहे. पृथ्वीवर सूर्याची जी ऊर्जा पोचते ती सुमारे १,७३,००० टेरावॅट. २०२४ अखेर साऱ्या जगातले सोलर पॅनल मिळून क्षमता सुमारे २ टेरावॅट. ऐंशी हजारांत एक. शिवाय पाऊस पळाला असेल तर २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घराघरांत शिरली, ते पाणी कुठलं होतं? त्या दिवशी याच ग्रुपवर गाड्या वाहून जातानाचे व्हिडिओ फिरत होते.

कॅन्सरवर एकच परिच्छेद खर्च करतो. पॅनलमधून निघते ती डीसी वीज, टॉर्चच्या सेलमधून निघते तशीच. ती वीज घरात चालेल अशी करून देणाऱ्या इन्व्हर्टरभोवती जे चुंबकीय क्षेत्र असतं ते मिक्सरभोवतीही असतं. कातडीला खरा धोका आहे तो त्या पॅनलच्या वर जे तळपतं त्याचा, आणि त्याच्याखाली मेसेज पाठवणारी मंडळी रोज टोपी न घालता फिरतात.

गच्ची सरकारजमा होते, हे निव्वळ खोटं. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, एक कोटी घरांचं लक्ष्य आहे, ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांची सबसिडी मिळते. पॅनल तुमचं, गच्ची तुमची. महावितरणशी करार होतो तो नेट मीटरचा, म्हणजे तुम्ही तारेत दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणाऱ्या मीटरचा. हां, एक दुसरी पद्धत असते, ज्यात कंपनी स्वतःच्या पैशाने पॅनल लावते, ठरावीक वर्षं मालकी तिची, आणि तुम्ही तिच्याकडून वीज विकत घेता. तसला कागद समोर आला तर चष्मा लावून वाचा. मोठ्या बाबांच्या अर्जात तसं काही नव्हतं, मी स्वतः भरला होता.

लाईट गेली की सोलरही बंद पडतं, हे मात्र खरं. शंभर टक्के खरं. आणि विकणारे हे सांगत नाहीत, याचा मलाही राग आहे. आमच्या ओळखीत एकाला हे पहिल्या वादळात कळलं. भर दुपारी डोक्यावर पाच किलोवॅट आणि घरात पंखा बंद. पण ही फसवणूक नाही. लाईट गेल्यावर लाईनमन खांबावर चढतो. त्या वेळी तुमच्या गच्चीवरून तारेत करंट गेला तर तो मरेल. म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. बॅकअप हवा तर बॅटरीवाला इन्व्हर्टर घ्या, खर्च वाढेल. बिल अगदी शून्य होत नाही हेही कबूल. स्थिर आकार लागतोच. आणि मेच्या उन्हात पॅनल जास्त नाही, थोडी कमी ताकदीने चालतं. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं, आणि आपल्याकडे पॅनल स्वतः ६५ पर्यंत जातं. विकणाऱ्याने हे आधीच सांगितलं असतं, तर अशा मेसेजला कुणी विचारलं नसतं.

कचऱ्याचा मुद्दा अर्धा बरोबर. पॅनल दहा वर्षांत नाही मरत, त्यावर साधारण २५ वर्षांची हमी असते. वजनात बहुतेक काच आणि ॲल्युमिनियम, भंगारवाला हसत नेईल. पण थरांमध्ये चिकटवलेलं प्लास्टिक, किंचित शिसं, किंचित चांदी वेगळी काढायची व्यवस्था आपल्याकडे अजून तोकडी आहे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनल आले, उत्पादकांनी २०३४-३५ पर्यंत जुने पॅनल साठवून ठेवायचे असं त्यात आहे. साठवायचं म्हणजे सोडवायचं नाही, हे मलाही कळतं. पण राखेच्या तलावासमोर उभं राहून पॅनलच्या कचऱ्याची काळजी करायची, तर आधी राखेची करा.

राहिलं २०४० चं वाळवंट. भविष्य रंगवायचंच तर सोलर विकणाऱ्यांच्या पत्रकातलं, म्हणजे प्रत्येक घर स्वयंपूर्ण आणि सगळे हसतमुख, तेही मला पटत नाही. संध्याकाळी सातला सगळं शहर घरी येतं, कूलर-एसी सुरू होतात, तेव्हा सूर्य नसतो. ती वीज बॅटरीतून येणार की कोळशातून, खरी मेख तिथे आहे. शिवाय सोलर लागतं ते गच्ची असलेल्यांकडे. भाड्याच्या खोलीत किंवा दहा मजल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याच्या वाट्याला काय, याचं उत्तर अजून नीट कुणी दिलेलं नाही. पण याच शहराने भांडेवाडीत सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या वीजकेंद्राला द्यायला सुरुवात केली, रोज १३ कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प. पूर्वी तेवढं चांगलं पाणी तिकडे जायचं. नागपूरला अशा गोष्टी जमतात. मेसेज न पाठवताही जमतात.

हे सगळं मी रविवारी मानेवाड्याला जाऊन तोंडी सांगितलं. मोठे बाबा शेजाऱ्यांच्या गच्चीवर चप्पल काढून उभे राहिले, पाय बदलून बघितले, काही बोलले नाहीत. खाली आल्यावर मोठी आई म्हणाली, "मेसेजचं काही नाही रे. कॅन्सल मीच करायला लावलं."

"काहून?"

"तो माणूस मोजायला आला अन् दक्षिणेकडची सगळी जागा घेऊन बसला. मी सरगुंडे, कुरड्या, मूगवड्या वाळवू कुठं? सावलीत वाळतात काय?"

३ किलोवॅटला अडीचशे ते तीनशे चौरस फूट लागतात. सांगाडा उंच केला तर खाली वावरता येतं, पण वाळवण नाही होत. सॅन डिएगोच्या अभ्यासात यावर काही नाही. शेवटी मोठ्या बाबांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे गच्ची काढली, पाण्याची टाकी जिन्याच्या डोक्यावर सरकवली, आणि आग्नेयेचा कोपरा मोठ्या आईच्या नावाने खुणा करून मोकळा सोडला. नवीन अर्जासोबत तो कागद जोडला आहे.