सेल सुलटाच होता

डोक्याला शाम्पू, अंगभर साबण, आणि गॅस गिझरची टकटक मंदावत मंदावत थांबली. पुढचं सांगत नाही. सांगलीत थंडी नसते असं ज्यांना वाटतं त्यांनी जानेवारीत सकाळी कृष्णेकडचं वारं अंगावर घ्यावं. आमच्या बाथरूमची खिडकी त्याच अंगाला आहे आणि तिची महापुरात गेलेली काच अजून गेलेलीच आहे.

बाहेरून बायकोचा आवाज आला, "अहो, सेल उलटे घातलेत का?"

त्या दिवशी भेटेल त्यानं मला हेच विचारलं. म्हणून एकदाच आणि जाहीरपणे सांगतो. गिझरला दोन मोठे सेल लागतात, दीड-दीड व्होल्टचे. एकामागे एक लावले की तीन व्होल्ट. त्यातला एक उलटा घातला तर दीडातून दीड वजा, हाती शून्य. शून्य व्होल्टवर कुठलाही गिझर टकटक करत नाही. माझा करत होता. आदल्या दिवशी तर त्यानं गरम पाणीही दिलं होतं. रात्रीतून सेलनं कूस बदलली म्हणायची का? पण डोक्यावर फेस असलेल्या माणसाचा युक्तिवाद कोण ऐकतो.

खरं तर सेल उलटा बसावा अशी चोख व्यवस्था गिझर बनवणाऱ्यांनीच करून ठेवली आहे. सेलचा डबा गिझरच्या बुडाला, म्हणजे जिथं पाणी ठिबकतं तिथं. डबा काळा. त्यातली अधिक-उण्याची खूण त्याच काळ्या प्लास्टिकमध्ये उठवलेली, तीही काळीच. मान वर करून, एका हातात मोबाइलची बॅटरी धरून, दुसऱ्या हाताच्या बोटानं ती खूण चाचपायची. पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्यायला यांचं काय जात होतं? गिझरच्या तोंडावर मात्र गुलाबाचं फूल छापलंय, चार रंगांत.

कसंबसं अंग पुसून गावभागातलं इलेक्ट्रिकचं दुकान गाठलं. कानात साबण तसाच. दोन्ही सेल काउंटरवर ठेवले आणि नवे मागितले. दुकानदारानं नवे काढायच्या ऐवजी मीटर काढला. एकाला टोकं लावली: 1.5. दुसऱ्याला लावली: 1.4.

"ठणठणीत आहेत की, साहेब. तुम्ही उलटे घातले असणार."

मी टकटकीचा मुद्दा मांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाजूच्या स्टुलावरून आवाज आला, "थांबा वाईच. त्यास्नी इचारू दे मला."

हे आप्पा. गांधी टोपी, खिशाला पेनाच्या जागी टेस्टर, मांडीवर परत करायला आणलेला बल्बचा होल्डर. आयुष्य विजेच्या खांबावर चढण्यात गेलेलं, आता निवृत्त. खांबावरनं उतरले ते थेट या स्टुलावर बसले असावेत, कारण दुकानदार त्यांच्याकडे बघायचंही कष्ट घेत नव्हता.

"करंट कुठनं कुठं जातो, सांगा बगू."

मला फक्त सेल हवे होते. पण माझे सेल अजून काउंटरच्या पलीकडे होते. मी म्हणालो, "प्लसकडून मायनसकडे."

"बराबर. आन मायनसात गेल्यावर त्येचं काय हुतं?"

"काही नाही. सेलच्या आतून परत प्लसवर येतो. तो चढवायचं काम आतलं रसायन करतं. रसायन संपलं की सेल संपला."

"परत?" आप्पांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा घातली. "आवं, जिरतोय त्यो मायनसात! जिरतो म्हणून तर सेल संपतो."

तेवढ्यात दारात भडंगाची पुडी घेऊन उभा असलेला बारावीतला एक पोरगा तोंडातला घास न संपवताच म्हणाला, "आजोबा, मुळात उलटंच असतंय सगळं. इलेक्ट्रॉन मायनसकडनं प्लसकडं जातात. आमच्या क्लासमध्ये शिकवलंय."

"म्हंजे ह्येंनी सेल उलटाच घातलाय," आप्पा म्हणाले.

मी हात जोडले. प्लसकडून मायनसकडे म्हणणारा मी आणि उलटं म्हणणारा पोरगा, दोघंही बरोबर होतो, हीच तर पंचाईत. हे सगळं बेंजामिन फ्रँकलिनचं करणं. त्यांनी 1747 च्या सुमारास विजेला अधिक-उणे ही नावं दिली तेव्हा वाहतं कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जे. जे. थॉमसन यांना इलेक्ट्रॉन सापडला 1897 मध्ये, आणि तो निघाला ऋण. तोवर दीडशे वर्षांची पुस्तकं छापून झाली होती. मग ठरलं की करंटचा बाण प्लसकडून मायनसकडेच काढायचा, इलेक्ट्रॉन का उलटे जाईनात. हिशोबाला फरक पडत नाही. माझ्या अंघोळीलाही पडत नव्हता, पण दुकानात कुणाला त्याचं काय.

"आन किती जोरात जात्यात हे इलेक्ट्रॉन?"

पोरगा अडखळला. मी सांगितलं, बॅटरीच्या वायरीत सेकंदाला एक मिलिमीटरसुद्धा नाही. दिवा लगेच लागतो, कारण वायर आधीपासून इलेक्ट्रॉननी भरलेलीच असते, बटण दाबलं की सगळे एकदम हलतात. आणि घरातली वीज तर सेकंदाला पन्नास हेलकावे खाणारी. तिथले इलेक्ट्रॉन जागच्या जागी पुढं-मागं होतात, कुठं जात नाहीत.

आप्पा बराच वेळ गप्प बसले. मला वाटलं सुटलो.

"म्हंजे घरात बाहेरनं एक बी इलेक्ट्रॉन येत न्हाई?"

"नाही."

"आन जेवढा करंट येतो तेवढा माघारी जातो?"

"हो."

"मंग बिल कशाचं?"

दुकानदारानंही मान वर केली. प्रश्न बिनतोड होता. मी आजूबाजूला पाहिलं आणि हाताशी होतं ते वापरलं. "आप्पा, पावसाळ्यात आपण आयर्विन पुलावरचं पाणी विचारतो ना? चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळिसाला धोका. ती पातळी कुठूनतरी मोजलेली असते. व्होल्ट म्हणजे तसाच दोन टोकांतला फरक. सेलच्या नुसत्या एका टोकाला दीड व्होल्ट असतो म्हणण्यात अर्थ नाही. बिल पाण्याचं नसतं, पाणी किती उंचावरून खाली आलं त्याचं असतं. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल, त्या कामाचे पैसे."

"पानी त्येंचं, उतार त्येंचा, आन बिल माजं," आप्पा म्हणाले. "खांबावर असताना कुनी सांगितलं न्हाई ह्ये."

इथं हसू यायला हवं होतं. मला शिंक आली. सकाळी कामधंद्याच्या वेळेला, ओल्या डोक्यानं, दोन सेलसाठी मी तोंडी परीक्षा देत होतो आणि माझ्यामागे तीन गिऱ्हाइकं येऊन सामान घेऊन गेली होती. गिऱ्हाइकाला आधी चुकीचा ठरवायचा आणि मग माल द्यायचा, ही आपल्याकडची पद्धतच आहे. मोबाइल बिघडला, 'पाण्यात पाडला असणार'. मिक्सर जळला, 'जास्त फिरवला असणार'. पैसे मोजून वर जबानी द्यायची.

शेवटी मोकळं केलं ते आप्पांनीच. खिशातून दोन वायरी जोडलेला टॉर्चचा छोटा बल्ब काढला आणि पहिल्या सेलला लावला. झगझगीत. दुसऱ्याला लावला, तर तार नुसती तांबूस झाली आणि विझली. "मीटरला काय कळतंय? त्यो सेलकडनं करंट घेतच न्हाई जवळजवळ. म्हातारा सेल बसल्या जागी 1.4 दावनारच. वजं दिलं की पोटातला विरोधच निम्मं व्होल्टेज खातो. कामाला लावून बगायचा सेल."

हे तंतोतंत खरं होतं. करंट मायनसात जिरतो म्हणणाऱ्या माणसाला सेलच्या पोटातलं इतकं अचूक ठाऊक असावं! म्हणजे एक सेल म्हातारा झाला होता, उलटा नव्हता. मी दुकानदाराकडे पाहिलं. तो म्हणाला, "दोन्ही नवेच घ्या. एक जुना एक नवा लावू नका." बाकी काही नाही. 'चुकलं माझं' वगैरे तर राहूच द्या.

पैसे देऊन जुने सेल उचलायला गेलो तर म्हातारा सेल जागेवर नव्हता. तो आप्पांच्या खिशात, टेस्टरच्या शेजारी.

"माज्या ट्रान्झिस्टरला चालंल महिनाभर. त्येला करंट थोडा लागतो. तुमच्या काय कामाचा आता?"

सेल माझा होता. मला तो टाकायचाच होता, पण मी टाकायचा होता. मी तसं म्हणणार, तेवढ्यात आप्पा स्टुलावरून उठले, होल्डर दुकानदाराच्या हातात कोंबला आणि जाता जाता म्हणाले, "आन उरलेल्या उताराचं बिल मागू नका म्हंजे झालं."