एका दाताचं दुखणं

आमच्या दारव्हा तालुक्यात गाडी बंद पडली तर मालकाला एकटं कोणी पडू देत नाही. बोनेट उघडायचा अवकाश, कडुनिंबाखाली माणसं जमतात आणि ज्याच्या घरी जे यंत्र असेल, त्याचा आजार तुमच्या गाडीला लावून मोकळी होतात. विहिरीवर मोटर असलेला म्हणतो, "फुटव्हॉल चोकला असंल." ट्रॅक्टरवाला म्हणतो, "हवा धरली, डिझलची लाईन सोडून पाहा." पेट्रोलच्या मारुतीला हे सांगणं म्हणजे... पण जाऊ द्या, माणसं उन्हातून चालत आलेली असतात.

खरं तर गाडीला काही झालंच नव्हतं. जुनी, कार्बोरेटरवाली मारुती ८००. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की आमच्या घरात मी बंद पडतो, ती नाही. फक्त तिचा टायमिंग बेल्ट म्हातारा झाला होता. हा रबरी दातेरी पट्टा साधारण लाखभर किलोमीटरला बदलायचा असतो. भेगा दिसायला लागल्या होत्या, म्हणून तुटायच्या आत बदलून घेतला. मिस्त्रीने दुपारभरात काम उरकलं आणि त्याच संध्याकाळपासून गाडीला खोकला लागला.

सकाळी स्टार्टर मारत बसा. पेटली तर उभ्या जागी अंगात आल्यागत थरथरणार, एक्सिलेटर दाबला की कार्बोरेटरमधून फट्ट! नाल्याच्या पुलानंतरची चढण ती पूर्वी तिसऱ्या गिअरवर गुणगुणत चढायची. आता पहिल्यावरही दम तोडला. मागून शेणखताची बंडी आली, शांतपणे पुढे गेली, आणि बंडीवाल्याने बैल थांबवून, अगदी मनापासून विचारलं, "भाऊ, दोर देऊ काय?"

मिस्त्रीने प्लग बदलले. प्लगच्या वायरी बदलल्या. कार्बोरेटर खोलून धुतला. मी भीतभीत म्हटलं, "बेल्ट एकदा पाहता काय?" तो माझ्याकडे असा बघत राहिला, की मी त्याच्या खानदानाबद्दल काही बोललो असावं. "तो तं नवा हाये न भाऊ! त्याले काय होते?" नवा पार्ट म्हणजे नवा जावई. घरातलं भांडं फुटलं, मांजर दूध प्यालं, म्हैस आटली, कशाचाही संशय त्याच्यावर घ्यायचा नाही. जुनी माणसं आहेत की घरात त्यासाठी.

शेवटी त्याने प्लगना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवला. थरथर कमी झाली. मिस्त्रीने कॉलर ताठ केली. पण चढण काही चढेना.

वेळ चुकण्याचं दारव्ह्याला कधी वावडं नव्हतं. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरची शकुंतला रेल्वे इथूनच जायची, आणि घड्याळ लावायला तिच्याकडे कोणी पाहत नसे. इंजिनाजवळ मात्र एवढा समजूतदारपणा नसतो. खाली क्रँकचे, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याचे, दोन फेरे झाले की वर कॅमचा, म्हणजे वॉल उघडणाऱ्या दांड्याचा, एक फेरा व्हायचा, तोही असा की पिस्टन जिथे असेल त्या हिशेबाने वॉल, म्हणजे सिलिंडरची झाकणं, उघडले-मिटले पाहिजेत. दोघांना जोडणारा हा पट्टा एक दात सरकला की क्रँकचे पंधरा-वीस अंश गेले. त्यात माझ्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर कॅमवरच चालणारा. कॅमला उशीर, की ठिणगीलाही उशीर. तो फिरवून मिस्त्रीने ठिणगी वेळेवर आणली, पण वॉल जिथल्या तिथे उशीराच लागत राहिले.

हे कळलं एस.टी. डेपोतून रिटायर झालेल्या काकांमुळे. ते गाडीसाठी आले नव्हते, शेजारच्या टपरीवर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून घ्यायला आले होते. त्यांनी बोनेटमध्ये डोकावलंही नाही. एवढंच विचारलं, "शेवटचा हात कुठी लागला होता?"

सगळे मिस्त्रीकडे पाहू लागले. मिस्त्री आभाळाकडे पाहू लागला.

काकांनी दिग्रसहून सिलिंडरमधला दाब मोजायचा कॉम्प्रेशन गेज मागवला. तिन्ही सिलिंडरचा दाब कमी निघाला, आणि सारखाच कमी. काका खूश झाले. "एकाचाच कमी असता तं वॉल नाहीतं रिंग म्हटलं असतं. तिघंही सारखेच बिमार कसे पडतीन? वॉल चांगलेच हायेत, वेळेवर लागून नाही रायले."

कव्हर उघडलं. वरच्या, कॅमच्या पुलीची जुळवायची खूण दिसत होती, खालची, क्रँकची, तेलकट काळ्या थराखाली. फडक्याने घासून ती उजेडात आणली, तरी उन्हात दिसेना. काकांनी खर्र्यासाठी आणलेल्या चुन्याचा एकेक ठिपका दोन्ही खुणांवर लावला. खालचा ठिपका बरोबर जागेवर. वरचा एक दात मागे. मिस्त्रीचं पोट्टं, जे इतका वेळ पाने पुसत बसलं होतं, पटकन बोललं, "मी म्हणलं होतं न उस्ताद, बेल्टची एक बाजू ढिल्ली हाये!" क्रँक आणि कॅममधली ओढीची बाजू ताठ ठेवून ढिलाई पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरकडे सोडायची असते. ती उलटी राहिली, आणि टेन्शनर आवळताना ओढाताणीत दात गेला.

पुन्हा पट्टा चढला. प्लग काढून काकांनी इंजिन पान्याने, हातानेच, दोन पूर्ण फेरे फिरवलं आणि ठिपके पुन्हा जुळलेत का ते चष्मा लावून पाहिलं. हेच पहिल्या दिवशी केलं असतं तर इतकी माणसं जमली नसती, म्हणून मी ते बोललो नाही. मग डिस्ट्रिब्युटरही मूळ जागी आणला, नाहीतर ठिणगी लवकर पडून इंजिन चढणीवर टकटकलं असतं.

पहिल्या सेल्फला गाडी पेटली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, हवा निघाली वाटते.

मिस्त्रीने पुन्हा मजुरी मागितली तेव्हा मी चकित झालो. म्हटलं, बेल्ट बसवायचे पैसे दिले की आधीच!

"ते बसवाचे होते भाऊ," तो म्हणाला, "हे बरोबर बसवाचे."